फुकट गाणं आणि बेवारस शाहीर

डिसेंबर लागला की युरोप-अमेरिकेतल्या लहान, स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्या नाताळच्या गाण्यांचे संग्रह फुकट वाटतात. आपल्यातली विद्यापीठापर्यंत पोचलेली पहिली पिढी इंटरनेटवर ही गाणी शोधून काढते, उतरवून घेते, मित्रांना पाठवते. त्यात वावगं काही नाही. पण सणाची फुकट गाणी आपल्याकडेही आहेत, आणि ती त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. आपला डिसेंबर ६ तारखेचा असतो आणि आपला सण १४ एप्रिलचा. त्या दोन तारखांच्या आसपास आपल्या फोनमध्ये किती भीमगीतं येतात आणि किती पुढे जातात, याची मोजदाद कुणी करत नाही. एका जागी मात्र दोन्हीकडचं फुकट वेगळं आहे. त्यांच्या फुकट गाण्याला नाव आणि पत्ता असतो. आपल्या फुकट गाण्याला दोन्ही नसतं.

मी लखनौत समाजशास्त्रात संशोधन करते. इथे आंबेडकरी गाण्यांना ‘मिशनरी गीत’ म्हणतात. हा शब्द चर्चमधून आलेला नाही, बहुजन मिशनमधून आलेला आहे. १४ एप्रिलला गोमती नगरच्या आंबेडकर स्मारकाकडे निघालेल्या गर्दीत कानावर पडणारी गाणी अवधी, भोजपुरी, हिंदी असतात. मधेच एखादं मराठी भीमगीत वाजतं आणि शब्द न कळणारी पोरंही त्यावर ताल धरतात. ऐकायला बरं वाटतं. पण गाणं कुणाचं, असं विचारलं की उत्तर एकच येतं, ‘बाबासाहब का है.’ गाणं बाबासाहेबांवर आहे, बाबासाहेबांचं नाही. ते कुणीतरी लिहिलं, कुणीतरी चाल लावली, कुणीतरी गायलं. त्या कुणीतरीचं काय झालं, हा या लेखाचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं साधं आहे. गाणं फुकट असायला माझा विरोध नाही. गाणारा बेवारस करायला आहे. आणि ही बेवारशी आपण, म्हणजे शिकलेले आंबेडकरी, स्वतःच्या हातांनी वाढवतो आहोत.

शेवटचं कडवं कुठे गेलं?

वामनदादा कर्डकांचं कुठलंही गाणं घ्या. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. ही नाममुद्रा आहे. रैदास, कबीर, तुकोबा यांच्यापासून चालत आलेली ही रीत. ज्यांना छापखाना नव्हता, ज्यांच्या नावाची नोंद कुठल्या दफ्तरात होणार नव्हती, त्यांनी आपलं नाव गाण्यातच विणून ठेवलं. गाणं जाईल तिथे नाव जाईल, ही त्यांची व्यवस्था होती. वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. शाळा मिळाली नाही, अक्षरओळख मोठेपणी झाली. त्या माणसाने हजारो गाणी लिहिली आणि प्रत्येकाच्या शेवटी सही केली.

आता आपण काय करतो? तीस सेकंदांचं स्टेटस लावतो. त्यात ध्रुवपद येतं आणि जास्तीत जास्त पहिलं कडवं. डीजेच्या मिक्समध्ये तर ध्रुवपदाचीही एकच ओळ उरते, बाकी सगळा ठोका. शेवटचं कडवं कधी येतच नाही. कुणी कट करून वामनदादांचं नाव काढलं असं नाही, पण झालं तेच. छापखाना नसताना जे नाव साठ-सत्तर वर्षं टिकलं, ते हातात स्मार्टफोन आल्यावर गळून पडलं.

शिवराय आणि बाबासाहेब या दोन राजांवरचं ते प्रसिद्ध गाणं महाराष्ट्रातल्या प्रत्येक जयंतीत वाजतं. ते मुक्ताईनगरच्या प्रतापसिंग बोदडे यांचं आहे, हे नाचणाऱ्या शंभरातल्या किती जणांना ठाऊक असतं? ज्याने-त्याने आपल्या मंडळात विचारून पाहावं.

फुकट होतं, पण बेवारस नव्हतं

‘चळवळीचं गाणं आधीपासून फुकटच होतं,’ असं यावर सांगितलं जाईल. इतिहास काढून पाहू. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी नाशिक-मुंबई भागात आंबेडकरी जलसे घेऊन फिरत होते. तिकीट नव्हतं. पण जलसा ज्या वस्तीत जाई, ती वस्ती त्याची जबाबदारी घेई. जेवण, मुक्काम, वाटखर्च आणि जमेल तशी वर्गणी. कलावंत कोण, कुठल्या गावचा, हे सगळ्यांना माहीत असे. कर्डकांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिलं म्हणून ही माहिती आज आपल्या हाती आहे. म्हणजे गाण्याची नोंद करणं हेही त्या पिढीला चळवळीचंच काम वाटत होतं.

नंतर दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर गाण्यांच्या पुस्तिका आल्या. दोन-पाच रुपयांच्या, पातळ कागदाच्या, मुखपृष्ठावर कवीचं नाव आणि बहुतेक वेळा फोटो. लखनौचाही यात वाटा आहे. चंद्रिकाप्रसाद जिज्ञासूंनी इथे बहुजन कल्याण प्रकाशन चालवलं आणि गरिबाला परवडतील अशी लहान पुस्तकं काढली. कांशीरामांनी पुण्यातली नोकरी सोडून जी संघटना उभी केली, त्या बामसेफमध्ये जागृती जत्था हा वेगळा विभागच होता. ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ, ६ डिसेंबर १९८१ ला डीएस-४, १४ एप्रिल १९८४ ला बसपा. तारखांची निवड बघा. आपले सणाचे दिवस हेच संघटना बांधायचे दिवस होते आणि गाणं हे संघटनेचं काम होतं. कामाला माणूस असतो आणि माणसाला पोट असतं, हे त्या लोकांना कळत होतं.

म्हणून ‘आधीपासून फुकट’ हे अर्धसत्य आहे. ऐकणाऱ्याला फुकट होतं, कारण खर्च समाजाने उचलला होता. आज ऐकणाऱ्याला फुकट आहे, कारण खर्च एकट्या गाणाऱ्याने उचलला आहे.

कॅसेट, यूट्यूब आणि नफा

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल नोंदवला आहे. रेकॉर्ड कंपन्यांनी ज्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं, त्या बोली आणि त्या जातींचे आवाज बाजारात आले. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत पोचले ते याच काळात. लहान-लहान कंपन्या निघाल्या. जयंतीच्या आधी भीमगीतांचा नवा संच यायचा आणि झपाट्याने खपायचा.

पण या धंद्यात चाल अशी होती की कवीला आणि गायकाला एकरकमी पैसे द्यायचे आणि कागदावर सही घ्यायची. कागद इंग्रजीत. सही करणाऱ्याला वाटायचं आपण पावतीवर सही केली. तो खरं तर हक्क लिहून देत असायचा. कॅसेट लाखभर खपो की हजार, त्याच्या घरात फरक पडत नसे.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या कवीचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क आता त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. तो त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडेच राहतो. हक्काची मुदत कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं आहे. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. आणि याच कायद्याचं कलम ५७ म्हणतं की हक्क विकला तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा अधिकार लेखकापाशीच राहतो. तेव्हा नाव देणं ही मेहेरबानी नाही. तो कायदा आहे.

कायदा आहे, पण तो वापरायचा तर कवीने किंवा वारसांनी आयपीआरएससारख्या संस्थेत सभासद व्हायचं, गाण्यांची यादी द्यायची, बँक खातं जोडायचं. सिनेमातल्या गीतकारांना हे करून देणारी माणसं असतात. आपल्या शाहिराकडे कोण आहे?

आणि यूट्यूब तरी फुकट आहे का? २०१८ पासूनचा नियम असा की वाहिनीला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेल्याची नोंद असेल, तर जाहिरातीतला वाटा मिळतो. २०२० च्या अखेरीस कंपनीने आणखी एक अट घातली. जी वाहिनी या पट्टीत बसत नाही तिच्यावरही जाहिरात लावता येईल, आणि त्या पैशातला वाटा वाहिनीला मिळणार नाही. सातशे सदस्य असलेल्या खेड्यातल्या गायिकेच्या गाण्याआधी साबणाची जाहिरात लागते. आपण ती पाहतो. कंपनीला पैसे मिळतात. गायिकेला आपला ‘जय भीम ताई’ असा अभिप्राय मिळतो. याला फुकट म्हणत नाहीत. इथे कमाई होते आहे, फक्त ती करणारा दुसरा आहे.

कडूबाई खरात एकतारी घेऊन गात होत्या. त्यांची गाणी लोकांनी मोबाइलवर टिपली आणि ती महाराष्ट्रभर गेली. त्यांचं नाव लोकांना कळलं ही चांगली गोष्ट झाली. पण एका कडूबाईंमागे अशा किती बाया आहेत ज्यांचा आवाज सगळीकडे पोचला आणि नाव वस्तीतच राहिलं?

पैसे डीजेला आहेत, कवीला नाहीत

आता सर्वांत जिव्हारी लागेल ते लिहिते. कुठल्याही जयंती मंडळाचा हिशेब उघडा. मंडपवाल्याला पैसे दिलेले असतात. लाइटवाल्याला, जनरेटरवाल्याला, बॅनर छापणाऱ्याला, डीजेवाल्याला दिलेले असतात, आणि त्यांतल्या कुणालाही आपण ‘मिशनसाठी फुकट कर’ असं म्हणत नाही. म्हणायची हिंमत होत नाही, कारण तो म्हणेल, साहेब, धंदा आहे. फुकट असावं अशी अपेक्षा फक्त गाण्याकडून असते. ज्या गाण्यासाठी डीजे लावला, तेवढंच फुकट.

हे असं का, याचं उत्तर समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने जातीत शोधावं लागतं. गावगाड्यात आपली कला कधी विकत घेतली गेली नाही. मांगाची हलगी, महाराची सनई, गारुड्याचा, डोंबाऱ्याचा खेळ. वाजवणं हे त्याचं ‘काम’ होतं, आणि काम म्हणजे जन्माने लागलेली चाकरी. बदल्यात उरलंसुरलं धान्य, शिळी भाकर, फाटकं धोतर. मजुरी ठरवायचा अधिकार वाजवणाऱ्याला नव्हता. महार वतनाचं स्वरूप हेच होतं. राबवून घ्यायचं चोवीस तास आणि नाव द्यायचं ‘मान’. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच फुकट राबणुकीविरुद्ध. मान नको, मजुरी द्या, हा त्यामागचा अर्थ होता.

आणि आज आपण आपल्याच शाहिराला काय देतो? शाल, नारळ, हार आणि ‘मान’. तो मानधनाचा आकडा बोलला की आपल्या कपाळाला आठी पडते. ‘पैशासाठी गातो’ असं म्हणून आपण त्याला मिशनमधून बाद करतो. बलुत्याचा हिशेब आपण मोडला असं समजतो, पण आपल्या कलावंताशी वागताना आपणच पाटील होऊन बसतो. हे कठोर वाटेल. पण विचार करा, प्राध्यापक म्हणून आपण पगार घेतो, वकील म्हणून फी घेतो, संशोधक म्हणून फेलोशिप घेतो आणि ती उशिरा आली तर आंदोलन करतो, ते योग्यच करतो. मग मिशनच्या नावाने उपाशी राहायची सक्ती एकट्या शाहिरालाच का?

भातखंड्यांचं विद्यापीठ आणि आपली दफ्तरं

लखनौत एका मराठी माणसाच्या नावाचं संगीत विद्यापीठ आहे. विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ मध्ये इथे मॅरिस कॉलेज सुरू करण्यात पुढाकार घेतला, आज ते भातखंडे संस्कृती विद्यापीठ आहे. रामपूर, जयपूरकडच्या घराणेदार मुस्लीम उस्तादांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या बंदिशी त्यांनी जमवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या. त्यातून अभ्यासक्रम झाला, परीक्षा झाली, पदवी झाली, नोकऱ्या झाल्या. जानकी बखले यांच्या ‘टू मेन अँड म्युझिक’ या पुस्तकात या सगळ्यात उस्तादांचं स्थान कसं घसरत गेलं याची चिकित्सा आहे. गळा त्यांचा, पुस्तकावर नाव पंडितांचं.

यातून दोन धडे घ्यायचे. पहिला, गाणं कागदावर आणलं, नोंदलं, शिकवलं की त्याचं भांडवल होतं. ब्राह्मणांनी हे बरोबर ओळखलं. ‘अभिजात’ हा शब्द आभाळातून पडलेला नाही, तो नोंदवह्यांतून तयार झालेला आहे. दुसरा धडा आपल्यासारख्या संशोधकांसाठी. शाहिरांची गाणी जमवून आपण प्रबंध लिहिले आणि त्यात ते फक्त ‘माहितीदाता क्रमांक सात’ म्हणून आले, तर आपण वेगळं काय केलं? पदवी आपली, परिषद आपली, विमानाचं तिकीट आपलं आणि गाणाऱ्याला एक चहा.

उलट उदाहरणही आपल्याच भाषेत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. आज त्या ‘पारी’वर कुणालाही फुकट वाचता-ऐकता येतात. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव आहे. म्हणजे फुकट आणि बेवारस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सिद्ध झालेलं आहे. फुकट देऊनही नाव राखता येतं. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी तर ‘किंमत तुम्ही ठरवा’ अशी सोय असते. शून्य भरलं तरी गाणं मिळतं, पण कलावंताचं नाव समोर असतं आणि पैसे द्यायची खिडकी उघडी असते. कुणी दहा रुपये टाकतो, कुणी हजार.

‘स्वतंत्र’ म्हणजे आपलं नव्हे

कुणी म्हणेल, मग आपले कलावंत स्वतंत्र कंपन्यांकडे जाऊ देत. जाऊ देत, पण डोळे उघडे ठेवून. चेन्नईत पा. रंजित यांचं नीलम आणि तेन्मा यांचं मद्रास रेकॉर्ड्स यांनी मिळून ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभं केलं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला आणि गाना, रॅप, पराई एका मंचावर आले. ज्या पराईला मेलेल्या दारातलं वाद्य म्हणून हिणवलं, ती समोरच्या रांगेत आली. त्याच गटातल्या अरिवूंचं ‘एन्जॉय एन्जामी’ २०२१ मध्ये ‘माज्जा’ या स्वतंत्र म्हणवणाऱ्या मंचावरून निघालं आणि जगभर गेलं. पुढे एका इंग्रजी संगीत मासिकाने त्या गाण्यावरून मुखपृष्ठ केलं, त्यावर अरिवू नव्हते. मार्च २०२४ मध्ये या गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर केलं की तीन वर्षांत त्यातून कलावंतांना एक रुपयाही मिळालेला नाही. कंपनी लहान असली, स्वतंत्र असली, भाषा पुरोगामी असली, तरी करारनामा वाचावाच लागतो. मोठ्या शहरांतल्या ‘प्रोटेस्ट म्युझिक’च्या मैफलींत आपली गाणी आणि आपली वेदना चालते. तिकिटाच्या हिशेबात आपण असतो का, हे विचारायला लाजू नये.

मग आपण काय करायचं?

गाणं पूर्ण वाजवा, शेवटच्या कडव्यापर्यंत. स्टेटस लावताना कवीचं, गायिकेचं नाव टाका. त्याला पैसे लागत नाहीत. ज्यांची वाहिनी लहान आहे त्यांच्याच वाहिनीवर जाऊन ऐका, उतरवून दुसरीकडे चढवू नका. मंडळाच्या बैठकीत ठराव करा की जयंतीच्या खर्चातले शंभरातले पाच रुपये कवी-गायकांचे, डीजेच्या बिलाआधी बाजूला काढलेले. पाच जास्त वाटत असतील तर दोन काढा, पण काढा.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढले, म्हणून गावातल्या पोरालाही ते परवडले. तसेच शाहिरांचे खंड निघावेत, आवाज जतन व्हावेत, ही मागणी लावून धरली पाहिजे. पण शासनाची वाट बघत बसू नये. अनेक शाहिरांची गाणी अजून वह्यांत आहेत, वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत आणि पेटी पावसात आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं काम आपल्यासारख्यांनाच जमणारं आहे. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर. आपल्या हाताला एक कला लागली आहे जी आपल्या आईबापांकडे नव्हती. आपल्याला फॉर्म भरता येतो. अर्ध्या वस्तीचे शिष्यवृत्तीचे, जातीच्या दाखल्याचे, पेन्शनचे, रेशनचे फॉर्म आपणच भरलेले आहेत. कुठला कागद कुठे जोडायचा, कुठल्या साहेबाला कधी गाठायचं, हे आपण खेटे घालून शिकलो आहोत. ही विद्या आता शाहिराच्या दारात न्यायची आहे. आपल्या तालुक्यातला एक कवी, एक गायिका किंवा वारलेल्या शाहिराचं एक घर निवडा. गाण्यांची यादी करा, प्रत्येक गाण्यापुढे वर्ष, चाल, कुणी गायलं ते लिहा. जुना करारनामा असेल तर त्याचा फोटो काढा आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला दाखवा. आयपीआरएसचा अर्ज भरा, वारसाचा दाखला जोडा, बँकेचं पासबुक जोडा. वहीचं पान न्‌ पान स्कॅन करा आणि एक प्रत त्यांच्याच घरात ठेवा.

एका माणसाचं हे चार रविवारचं काम आहे. पुढच्या १४ एप्रिलच्या आत होण्यासारखं आहे.

जय भीम.